आधी टाका, मग धुणं: घरच्या घरी कपड्यांची निगा आणि लहानसहान दुरुस्ती

धुवायच्या बादलीत कपडा टाकण्याआधी तो एकदा उलटसुलट करून उजेडात धरा. बटण लोंबतंय का, बगलेत शिवण उसवली आहे का, खिशाला भोक पडलंय का, साडीचा फॉल सुटलाय का, एवढंच बघायचं. काही सापडलं तर आधी टाका घाला आणि मग धुवा. बहुतेक घरांत हे उलटं होतं. कपडा धुऊन, वाळवून, इस्त्री करून येतो आणि घालायच्या वेळी लक्षात येतं की दोन सेंटीमीटर उसवलेली शिवण आता वीतभर झाली आहे. मशीनचा पिंप फिरताना कपडे एकमेकांत अडकतात, एकमेकांना ओढतात आणि त्या ओढीचा सगळा जोर सुटलेल्या टोकावर येतो. शिवाय उघड्या कडेचे धागे धुण्यात निसटत जातात. शिवणीच्या आत ठेवलेली अर्ध्या इंचाची जास्तीची कापडपट्टी विसविशीत झाली की मग टाका धरायला जागाच उरत नाही. व्हिस्कोज म्हणजे रेयॉनचे कुर्ते तर ओले असताना फारच कमजोर होतात. ते फाटतात ते बहुधा धुण्यातच.

अपवाद एकच. फाटलेल्या जागी चिखल किंवा तेल असेल तर त्यावर पक्की शिवण घालू नका. लांब लांब धावदोरा घालून भोक तात्पुरतं बंद करा, हाताने धुवा, वाळल्यावर नीट शिवा.

दुसरी सवय त्याहून महत्त्वाची: सुईत दोरा ओवण्याआधी कपडा तिथेच का गेला ते शोधा. कारण तसंच राहिलं तर तुमचा टाकाही महिनाभरात जातो. टी-शर्टला पोटाशी बारीक भोकं पडतात, त्याचा दोष अनेकजण वाळवीला किंवा मशीनला देतात. ती बहुतेकदा जीन्सचं धातूचं बटण आणि स्वयंपाकाच्या ओट्याची कड यांच्यामध्ये कापड घासल्याने पडलेली असतात. उजव्या खांद्यावरच शर्ट विरतो तो बॅगेच्या पट्ट्याने. कुर्त्याचा बाजूचा कट वर वर फाटत जातो, कारण लोकलमध्ये चढताना पाऊल उंच टाकावं लागतं आणि कटाच्या टोकाला आडवा मजबूत टाका दिलेला नसतो.

पाणी आणि साबण

मुंबई महापालिकेचं पाणी तानसा, भातसा, वैतरणा, मोडकसागर, विहार, तुळशी या तलावांतून येतं. तलावात साठलेलं हे पावसाचं पाणी मऊ असतं, म्हणजे साबणाला त्यात भराभर फेस येतो. त्यामुळे पाकिटावर सांगितलेली पावडर इथे बऱ्याचदा जास्त होते. १५ लिटरच्या बादलीत सहा-सात रोजचे कपडे असतील तर एक सपाट मोठा चमचा पावडर पुरते. शेवटच्या पाण्यातून कपडा पिळताना पाणी बुळबुळीत लागत असेल किंवा फेस दिसत असेल तर साबण जास्त झाला असं समजा. कपड्यात राहिलेला साबण टॉवेल कडक करतो, काळ्या कपड्यांवर पांढरे ओघळ उठवतो आणि दमट हवेत वास धरून ठेवतो. सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर मात्र ते जड असण्याची शक्यता आहे. फेस येत नाही, पांढरा साका बसतो. तिथे पावडर थोडी वाढवा.

भिजवण्याची वेळ २० ते ३० मिनिटं. रात्रभर भिजवल्याने मळ जास्त निघत नाही. उलट रंग सुटतो आणि मुंबईच्या उकाड्यात सकाळपर्यंत पाण्याला वास येतो.

टाकण्याआधी चेन बंद करा, ब्रा आणि ब्लाउजचे हूक लावा, पण शर्टाची बटणं काढा. बटणं लावून धुतलं की पिळवटीत काजावर आणि बटणाच्या दोऱ्यावर ताण येतो. जीन्स, छापील टी-शर्ट, काळे कपडे उलटे करून धुवा.

नवीन रंगीत कपड्याचा रंग जातो का ते बघायला आतली शिवण ओली करा, तिच्यावर पांढरा सुती रुमाल ठेवा आणि गरम इस्त्री दहा सेकंद दाबा. रुमालावर रंग उतरला तर पहिली तीन-चार धुणी तो कपडा एकटाच धुवायचा. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो ही समजूत घरोघरी आहे, पण रंगून बाजारात आलेल्या कापडाचा कच्चा रंग मीठ धरून ठेवत नाही. रंगाऱ्याच्या कढईत मिठाचा उपयोग असतो, तो वेगळा: तिथे ते पाण्यातला रंग कापडाकडे ढकलतं. घरी थंड पाणी, कमी साबण आणि लगेच वाळत घालणं, हेच खरं.

लेबल गेलं असेल आणि कापड कशाचं आहे कळत नसेल तर आतल्या शिवणीतून दोन धागे काढून चिमट्यात धरा आणि मोरीत जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राखाडी राख होते. रेशीम आणि लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि बोटांनी चुरडता येणारी काळी गोळी उरते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा टणक मणी होतो. तो गार होईपर्यंत हात लावू नका, कातडीला चिकटतो. दोन प्रकारचे धागे मिसळलेले असले, टेरीकॉटमध्ये असतात तसे, तर दोन्ही खुणा थोड्या थोड्या दिसतात.

डाग: काय आधी, काय अजिबात नाही

रक्त, दूध, अंडं या डागांना पहिलं पाणी थंडच हवं. गरम पाण्याने त्यातली प्रथिनं गोठतात आणि धाग्यात बसतात. चहाचा डाग ताजा असताना पाण्याखाली धरला तर जवळजवळ पूर्ण निघतो. वाळला की चिवट होतो. तेलाच्या डागावर पाणी घालू नका. आधी टाल्कम पावडर किंवा मैदा टाकून १५ मिनिटं तेल शोषू द्या, झटका, मग भांडी घासायच्या द्रवाचे दोन थेंब कोरड्या डागावरच चोळा आणि नंतर धुवा. बॉलपेनच्या शाईला सॅनिटायझर चालतो, त्यात अल्कोहोल असतं. डागाखाली जुना टॉवेल ठेवा आणि वरून कापसाने टिपत राहा. घासलं की शाई पसरते. पावसाळ्यातला चिखल ओला असताना कधीच चोळू नका. पूर्ण वाळू द्या, ब्रशने झाडा, उरलेला धुवा.

हळदीबद्दल जरा जास्त सांगायला हवं, कारण आपल्याकडे वरणाचा किंवा रश्श्याचा थेंब पडला नाही असा पांढरा कपडा विरळा. साबण लावताच पिवळा डाग लालभडक होतो आणि माणूस घाबरून आणखी घासतो. लाल होण्याचं कारण एवढंच की साबण अल्कधर्मी असतो आणि हळदीतलं कर्क्युमिन अल्कली लागताच रंग बदलतं. खळबळून साबण गेला की ते परत पिवळं होतं. कर्क्युमिनचा खरा शत्रू ऊन आहे. म्हणून आधी भांड्यांच्या साबणाने तेलाचा अंश काढा, साध्या पाण्याने खळबळा आणि ओला कपडा थेट उन्हात, डाग वर येईल असा घाला. एका दुपारी बराच फिका पडतो, दोन-तीन उन्हांत जातो. मधे इस्त्री करू नका. पावसाळ्यात ऊन नसलं तर कपडा बाजूला ठेवा आणि पहिली उघडीप मिळेल तेव्हा हा उपाय करा. जुन्या डागावरही तो चालतो.

बगलेतला पिवळेपणा पांढऱ्या शर्टांचा नाश करतो. घाम आणि घाम रोखणाऱ्या प्रसाधनातले ॲल्युमिनियमचे क्षार मिळून हा थर बसतो. लोक त्यावर क्लोरिनचं ब्लीच ओततात आणि डाग आणखी पिवळा होतो. त्याऐवजी मेडिकलच्या दुकानात मिळणारं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि खायचा सोडा यांची पातळ लापशी करून अर्धा तास लावून ठेवा, मऊ ब्रशने घासा, धुवा. हे फक्त पांढऱ्या सुती कपड्यांना. रंगीतावर आतल्या शिवणीत तपासल्याशिवाय नाही.

गंजाच्या डागावर लिंबाचा रस आणि मीठ लावून उन्हात ठेवा, मग खळबळा. गंजावरही ब्लीच नको, डाग पक्का होतो. ब्लीच रेशीम, लोकर आणि लायक्रा असलेल्या कशालाही लावायचं नसतं. आणि ब्लीच कुठल्याही आम्लात, संडास धुवायच्या द्रवात तर मुळीच, मिसळायचं नाही. त्यातून विषारी क्लोरिन वायू निघतो आणि मुंबईतल्या मोऱ्या लहान, बंद असतात.

जून ते सप्टेंबर

पावसाळ्यात कपड्यांना येणारा आंबूस वास जीवाणूंचा असतो. कपडा जितका वेळ ओलसर, तितके ते वाढतात. त्यामुळे सुगंधी कंडिशनर ओतण्यापेक्षा वाळण्याचा वेळ कमी करणं हा उपाय. मशीन असेल तर शेवटी आणखी एकदा नुसतं स्पिन लावा. हाताने धूत असाल तर जाड कपडा कोरड्या टॉवेलात गुंडाळून पिळा, टॉवेल बरंच पाणी ओढून घेतो. दोरीवर दोन कपड्यांत चार बोटं अंतर हवं. घरात जागा नसते हे खरं, पण म्हणूनच रोज थोडे धुवा. आठवड्याचे एकदम धुऊन एकावर एक टाकले की सगळेच कुबट होतात. शर्ट हँगरवर, जीन्स उलटी करून कमरेने टांगा म्हणजे खिशांची अस्तरं मोकळी राहतात. वर पंखा चालू, खिडकी थोडी उघडी. दारं-खिडक्या लावून पंखा फिरवला तर तीच दमट हवा फिरत राहते.

नव्वद टक्के वाळलेला सुती कपडा इस्त्रीने पूर्ण वाळवा आणि इस्त्रीनंतर निदान अर्धा तास बाहेर टांगा. गरम कपड्यात वाफ असते. ती कपाटात गेली की शेजारच्या कपड्यांनाही बुरशी येते. इमारतीखालच्या इस्त्रीवाल्याकडून आलेला गठ्ठाही सोडून ठेवा.

इस्त्रीच्या लेबलवरचे ठिपके लक्षात ठेवण्यासारखे आहेत: एक ठिपका म्हणजे ११० अंश सेल्सिअसपर्यंत, नायलॉन आणि ॲक्रिलिकसाठी, दोन म्हणजे १५० अंश, रेशीम, लोकर, पॉलिस्टर, तीन म्हणजे २०० अंश, सुती आणि लिनन.

बुरशीचे काळे ठिपके दिसले तर कपडा घरात झटकू नका, गॅलरीत नेऊन कोरड्या ब्रशने झाडा. मग पांढऱ्या व्हिनेगरचा एक भाग आणि पाण्याचे चार भाग यांत अर्धा तास ठेवून धुवा आणि उन्हात घाला. वास जातो. खोल गेलेले काळे ठिपके मात्र रंगीत कापडावर पुष्कळदा राहतात.

जरीच्या साड्या धुतलेल्या मलमलीत किंवा जुन्या सुती धोतरात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. दोन-तीन महिन्यांनी घडी बदला, नाहीतर घडीच्या रेषेवरच जर तुटते. डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नका आणि डांबरगोळी व कापूर एकत्र ठेवू नका. दोन्ही मिळून पाझरतात आणि डाग पडतो. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या ठेवायच्याच नाहीत. ज्या बाळांना जी-सिक्स-पी-डी या विकराची जन्मतः कमतरता असते त्यांच्या रक्तातल्या लाल पेशी डांबरगोळीतल्या नॅफ्थलीनने फुटू शकतात.

सुईदोऱ्याचा डबा

सगळं सामान कुठल्याही स्टेशनबाहेरच्या मॅचिंग सेंटरमध्ये मिळतं. बटणं आणि लेस जास्त प्रकारांत हवी असतील तर भुलेश्वर. हाताच्या सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. ९ किंवा १० नंबर ब्लाउज आणि साडीला, ७ किंवा ८ शर्ट-पँटला आणि एक जाड सुई जीन्सला. पॉलिस्टरचा दोरा घ्या: पांढरा, काळा, गडद निळा, तपकिरी, राखाडी. नेमका रंग नसेल तर कापडापेक्षा किंचित गडद निवडा, फिका दोरा उठून दिसतो. आजीच्या डब्यातली जुनी सुती रिळं वापरण्याआधी हातभर दोरा ताणून बघा. दमट हवेत तो कुजलेला असतो आणि पटकन तुटतो. त्याशिवाय धारदार लहान कातरी, सेफ्टी पिना, मेणबत्तीचा तुकडा, अंगुस्तान म्हणजे सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची टोपी, मेजपट्टी आणि शिवण उसवायचा सीम रिपर.

हूक विकत घेताना लोहचुंबक लावून बघा. पितळेचे हूक त्याला चिकटत नाहीत. चिकटणारे बहुतेक लोखंडाचे आणि वरून मुलामा दिलेले असतात. समुद्राच्या हवेत मुलामा गेला की ते गंजतात आणि ब्लाउजवर तांबूस ठिपके येतात. पदराला टाचलेली पिन तशीच ठेवून साडी कपाटात टाकली तरी हेच होतं.

दोरा कापताना ८० ते ९० सेंटीमीटरपेक्षा लांब घेऊ नका. दुहेरी केल्यावर तो कोपरापासून बोटांपर्यंत येतो. याहून लांब दोऱ्याला गाठी पडतात. मेणबत्तीवरून एकदा ओढला की गुंता आणखी कमी होतो.

टाके तीनच शिका. धावदोरा तात्पुरत्या कामाला. उलटी टीप शिवणीला: सुई तीन मिलिमीटर पुढे काढायची, मागच्या टाक्याच्या टोकात परत घालायची आणि पुन्हा सहा मिलिमीटर पुढे काढायची, म्हणजे वरून मशीनच्या टिपेसारखी सलग रेघ दिसते. आणि हेमिंग, म्हणजे दुमडलेली कड बाहेरून दिसणार नाही अशा बारीक टाक्यांनी बसवणं.

बटण

शर्टाचं बटण लावायला सात-आठ मिनिटं लागतात आणि तरी बहुतेकांचं बटण दोन आठवड्यांत सुटतं. कारण ते कापडाला घट्ट चिकटवून शिवलेलं असतं. काजाची पट्टी जाड असते. तिला बटणाखाली बसायला जागा नसली की प्रत्येक वेळी बटण लावताना दोरा ताणला जातो.

१. जुने दोरे कापून काढा. बटणाखालचं कापड फाटलं असेल तर मागून नखाएवढा कापडाचा तुकडा ठेवा आणि त्याच्यासकट शिवा.

२. काजपट्टी वरून लावून बटणाची जागा पिनेने नक्की करा. जुन्या भोकांवर विसंबू नका, ती ओढली गेलेली असतात.

३. दुहेरी दोऱ्याला गाठ मारून सुई वरच्या बाजूने घाला, म्हणजे गाठ बटणाखाली लपते आणि अंगाला टोचत नाही. जागेवर दोन बारीक टाके घ्या.

४. बटण ठेवून त्यावर, दोन भोकांच्या मधे, काडेपेटीची काडी आडवी ठेवा आणि काडीवरून टाके घाला. दुहेरी दोऱ्याने भोकांच्या प्रत्येक जोडीला तीन टाके पुरेत. शर्टाची बाकीची बटणं फुलीने शिवलेली असतील तर हेही फुलीने, समांतर असतील तर समांतर.

५. काडी काढा, बटण वर ओढा. खाली दोन-तीन मिलिमीटरचा दोऱ्याचा दांडा दिसेल. सुई बटणातून खाली पण कापडाच्या वर काढा आणि दांड्याभोवती दोरा चार-पाच वेळा गुंडाळा.

६. सुई मागे नेऊन दोन बारीक टाके, गाठ, आणि कातरी. दाताने तोडला तर टोक पिंजतं आणि गाठ सैल पडते.

ब्लाउजचा हूक

हुकाला मागे दोन गोल कडी असतात. बरेच जण तेवढीच शिवतात आणि मग हूक तोंडाकडून उचकटतो. प्रत्येक कडीला एकेरी दोऱ्याचे पाच-सहा टाके घाला आणि मग दोरा कापडाच्या दोन थरांमधून सरकवत हुकाच्या मानेशी आणा आणि तिथे तीन टाके घ्या. हुकाचं नाक पट्टीच्या कडेपासून दोन मिलिमीटर आत राहिलं पाहिजे, बाहेर आलं की मधे फट दिसते. समोरच्या पट्टीवरचं दोऱ्याचं घर तुटलं असेल तर हुकाच्या रुंदीएवढे चार धागे आडवे टाका आणि त्यांच्यावर काजटाका, म्हणजे प्रत्येक वेळी सुई दोऱ्याच्या फासातून ओढून घालायचा टाका, दाटीने घाला. वारंवार एकच हूक तुटत असेल तर ब्लाउज तिथे तंग आहे. बाजूच्या शिवणीत शिंप्याने ठेवलेला दाब, म्हणजे जास्तीचं कापड असतं, एक टीप उसवून अर्धा इंच सैल करा. हूक बदलत राहून उपयोग नाही.

उसवलेली शिवण आणि खाली उतरलेली कड

कपडा उलटा करा, दोन्ही कडा जुन्या टिपेच्या भोकांवर जुळवून पिना लावा. टाके उसवलेल्या जागेच्या दीड-दोन सेंटीमीटर आधीपासून, शाबूत टिपेवरूनच सुरू करा आणि तेवढेच पुढे न्या. फक्त भोकापुरतं शिवलं तर दोन्ही टोकांना शिवण पुन्हा सुटते. पँटची बैठकीची शिवण दुहेरी दोऱ्याने, दोनदा टीप घालून शिवा. खाली बसताना सगळा जोर तिथेच येतो. कुर्त्याच्या कटाच्या टोकाला आतून बोटभर रुंद कापडाचा तुकडा लावा आणि वर एक सेंटीमीटर लांबीचे आडवे टाके एकावर एक सहा-सात घाला.

खिशाच्या तळाला भोक असेल तर ते शिवू नका, पूर्ण तळच भोकाच्या वर एक सेंटीमीटरवर नव्याने शिवा.

पँटची कड हेमिंगने घालताना सुईत वरच्या कापडाचा एक-दोन धागाच घ्या आणि दोरा ओढू नका. ओढला की बाहेरून खळगे दिसतात. साडीचा फॉल सुटला असेल तर सुटलेल्या भागापुरतं तसंच हेमिंग घाला. पण नवा फॉल लावायचा असेल तर तो आधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच लावा. सुती फॉल पहिल्या धुण्यात आटतो, साडी तेवढी आटत नाही आणि निऱ्यांच्या खाली चुण्या पडतात. त्या नंतर कुठल्याही इस्त्रीने जात नाहीत.

चेन

चेन अडकते, दात जुळत नाहीत किंवा रनर निघून येतो. पूर्ण चेन बदलायची वेळ फार कमी वेळा येते. अडकत असेल तर आधी दातांत दोरा किंवा अस्तर आहे का बघा, ते उलट दिशेला हळू ओढून सोडवा. मग दोन्ही बाजूंच्या दातांवर मेणबत्ती घासा. धातूच्या दातांना पेन्सिलचं शिसंही चालतं, पण फिक्या कपड्याला नको. तेल कुठल्याही चेनला नको.

रनर वर गेला तरी मागे दात उघडेच राहतात, तेव्हा दोष बहुधा रनरचा असतो. वापरून त्याचे दोन थर एकमेकांपासून दूर गेलेले असतात. रनर चेनच्या खालच्या टोकाला न्या आणि पक्कडीने त्याच्या मागच्या अर्ध्या भागाच्या दोन्ही कडा आळीपाळीने अगदी हलके दाबा. एकदा दाबा, चालवून बघा, मग पुन्हा. एकदम जोर दिला की रनर तडकतो किंवा सरकायचा थांबतो. तडकलाच तर त्याच्या पाठीवर ३, ५ असा आकडा असतो. तोच आकडा आणि त्याच प्रकारची चेन सांगून नवा रनर घ्या. धातूच्या दातांचा रनर नायलॉनच्या वेटोळ्याच्या चेनला बसत नाही. तळाचे एक-दोन दात गेले असतील तर त्यांच्या वरच जाड दोऱ्याचे आठ-दहा टाके आडवे घालून नवा अडसर करा. चेन तेवढी आखूड उघडेल, पण चालेल.

भोकं आणि विरलेल्या जागा

जीन्स मांड्यांच्या आत घासून विरते. उजेडात धरली की उभे धागे गेलेले आणि आडवे पांढरे धागे उरलेले दिसतात. ठिगळ लावायची वेळ हीच आहे, भोक पडल्यावर नाही. जुन्या जीन्सचा तुकडा विरलेल्या जागेपेक्षा चारी बाजूंनी तीन सेंटीमीटर मोठा कापा. कोपरे गोल करा, टोकदार कोपरा आधी सुटतो. आतून ठेवून कच्चा टाका घाला. मग कापडाच्या उभ्या धाग्याच्या दिशेने तीन मिलिमीटरच्या धावदोऱ्याच्या रांगा, पाच-पाच मिलिमीटर अंतराने, पूर्ण ठिगळभर. रांगा सगळ्या एकाच ओळीवर संपवू नका, काही लांब काही आखूड ठेवा. एका रेषेत संपल्या तर जुनं कापड पुढे बरोबर त्याच रेषेवर फाटतं.

शर्ट खिळ्याला अडकून काटकोनात फाटला तर मागून चिकट फ्यूजिंगचा, म्हणजे इस्त्रीच्या उष्णतेने चिकटणाऱ्या कापडाचा तुकडा लावा. फाटलेले धागे सुईने जुळवून सपाट करा, वर ओलसर रुमाल ठेवून मध्यम इस्त्री १० ते १२ सेकंद दाबा. इस्त्री सरकवू नका, उचलून ठेवा. मग आतल्या शिवणीतून त्याच कापडाचे धागे काढून फाटलेल्या रेषेवर मागे-पुढे बारीक टाके घाला. टी-शर्टचं कापड विणलेल्या फासांचं असतं, तिथे वेगळं करायचं: बारीक सुई, एकेरी दोरा, भोकाच्या कडेचा प्रत्येक सुटा फास सुईत पकडायचा आणि पिशवीचं तोंड आवळल्यासारखं हळू आवळायचं. फास सुटा राहिला तर तो तिथून जिन्यासारखा खाली उसवत जातो.

नाडी, इलॅस्टिक

नाडी निघाली की तिच्या टोकाला मोठी सेफ्टी पिन लावून ती नेफ्यातून सरकवा. बसल्यावर पाठीमागे मध्यावर नेफ्यासकट तीन टाके घाला, ती पुन्हा कधी निघणार नाही. इलॅस्टिक उन्हाने, गरम पाण्याने आणि ब्लीचने मरतं. नवं कमरेच्या मापापेक्षा पाच ते आठ सेंटीमीटर आखूड कापा, पिनेने ओवा, टोकं दोन सेंटीमीटर एकावर एक ठेवून चौकोन आणि मधे फुली शिवा. पीळ पडला नाही ना ते बघूनच नेफा बंद करा, तोही इलॅस्टिक ताणून धरून, नाहीतर पहिल्याच वेळी टाके तुटतात.

जरीकाठ, पश्मिना, अस्तर लावलेला कोट आणि लेदर घरी करू नका. पैठणीचा फाटका भाग तर रफूगाराकडेच न्यावा. नेताना भोकाच्या कडेचे लोंबणारे धागे कापून टाकू नका, त्याला तेच हवे असतात. त्याला साडीच्या आतल्या टोकाचा, कमरेत खोचला जाणारा भाग दाखवा. रफूसाठी त्याच रंगाचे धागे तिथून काढता येतात आणि ती जागा नेसल्यावर दिसत नाही.